धाकटीच्या खोलीवरचा दिवा

आमच्या शहापुरातल्या गल्लीत बातमी पसरायला आता नळाला पाणी यायची वाट बघावी लागत नाही. समोरच्या काकूंनी त्यांच्या गच्चीच्या कठड्यावर मोबाईल टेकवून काढलेला व्हिडिओ दिवेलागणीनंतर गल्लीच्या ग्रुपवर पडला, आणि माझी गॅसवरची आमटी उकळायच्या आत तो घराघरात पोचला होता. व्हिडिओत आमचंच घर होतं. खाली मागांची शेड, तिच्यावर गेल्या वर्षी बांधलेली एक खोली, खोलीवर काळी पाण्याची टाकी, आणि टाकीच्या वर आभाळात एक दिवा. भाकरीएवढा गोल. तो फुगत होता, बारीक होत होता, मधेच तांबडा, मधेच हिरवा दिसत होता, आणि सारखा नाचत होता. थरथरत डावीकडे, थरथरत उजवीकडे. खाली काकूंनी लिहिलं होतं, ‘रोज येतंय. ह्याच खोलीवर.’

ती खोली माझ्या धाकट्या जावेची. पोरगी निपाणीची. लग्न होऊन आमच्याकडे आली तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर. खरं तर लग्न त्याआधीच्या उन्हाळ्यातच व्हायचं होतं, हॉलसुद्धा बघून ठेवला होता. पण भटजी म्हणाले, शुक्राचा अस्त आहे, शुक्र उगवल्याशिवाय मुहूर्त निघत नाही. मग पाऊस आला, चातुर्मास आला, आणि लग्न हिवाळ्यावर गेलं. पोरगी हसरी. कामाला वाघ असं काही म्हणणार नाही, कारण पहिल्या आठवड्यात तिनं दोनदा भात करपवला. पण करपलेला भात ताटात वाढताना ती स्वतःच एवढी हसली की माझ्यासारख्या तापट बाईला ओरडायचं सुचलं नाही. तेव्हापासून ती मला आवडत होती.

काकूंचं म्हणणं असं की पोरगी आली आणि दिवा आला. गल्लीनं मग पुढची भर घातली. आमच्या सासूबाईंचा, म्हणजे आत्तींचा, पाय न्हाणीघरात मुरगळला होता. शेडमधल्या एका मागाची मोटर जळली होती. हे दोन्ही लग्नानंतरचं. लग्नाआधी न्हाणीघरात कुणी घसरलं नव्हतं किंवा मोटर जळली नव्हती असं नाही, पण ते कोण आठवतो? कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणालं देवीचं काहीतरी राहिलंय. एकानं तर सीमेवर ड्रोन फिरतात असं सांगितलं. कुठल्या सीमेवर विचारलं तर म्हणाला, ‘आपल्याच की.’ दोन दिवसांनी तोच व्हिडिओ हुबळीचा म्हणून कानडी मजकुरासकट फिरून परत आला. त्यात आमची टाकी स्पष्ट दिसत होती. काकूंना त्याचाही अभिमान वाटला.

मी पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर गेले. दिवा होता. पण भाकरीएवढा नव्हता, चांगला ठसठशीत, पांढराशुभ्र ठिपका होता, आणि तो जागचा हलत नव्हता. मी खाली येऊन तसं सांगितलं.

‘डोळ्याला न्हाय दिसत गं त्ये,’ आत्ती म्हणाल्या. ‘क्यामेऱ्यालाच दिसतंय. असल्या गोष्टी तशाच असत्यात.’

मी माझ्या मोबाईलवर व्हिडिओ काढून बघितला. कठड्यावर मोबाईल टेकवून उभा केला, बोटांनी ओढून चित्र मोठं केलं, आणि माझ्याही मोबाईलमध्ये तो नाचला.

त्यात आली अमावास्या. आमच्या गल्लीत अमावास्येला माग बंद असतात, मागाची पूजा करतात आणि माणसं जरा पाय पसरून बसतात. त्या संध्याकाळी काकूंनी काढलेल्या व्हिडिओत दिवा अजिबात हलला नाही. एका जागी ठाम उभा. गल्लीचं त्यावर एकमत झालं, की रोज नाचणारं अमावास्येलाच थांबून बघतंय म्हणजे ते काय असणार हे आता सांगायलाच नको. त्या रात्री आत्तींनी जेवण अर्धं टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निपाणीला फोन केला. पोरीची तब्येत जरा उतरलीय, हवापालटाला न्या, येत्या रविवारी भावाला पाठवा. तब्येत काही उतरली नव्हती. माझे धाकटे दीर मान खाली घालून सुताच्या कांड्या मोजत बसले होते. पोरगी जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती मला हळूच म्हणाली, ‘आक्का, हवापालट झाल्यावर परत आणतील न्हवं?’

मला आत्तींचा राग आलाच, पण त्यांना मी ओळखते. त्यांनी तरुणपणी हातमागावर साड्या विणून दोन पोरं वाढवली. त्या दुष्ट नाहीत. भ्याल्या होत्या, आणि भ्यालेल्या माणसाला गल्लीनं दिलेला सल्ला फार लवकर पटतो. माझा खरा राग त्या दिव्यावर होता. कुठला कोण, ना ओळख ना पाळख, आणि आमच्या घरातल्या पोरीला हाकलायला निघालेला. मी ठरवलं, रविवारच्या आत ह्याचा सोक्षमोक्ष लावायचा.

माझं माहेर लोंढ्याचं. थोरली बहीण अजून तिथंच असते. दिवेलागणीला मी तिला फोन लावला आणि म्हटलं, ‘अंगणात जा आणि सूर्य बुडतो त्या बाजूला वर बघ. काय दिसतंय?’

‘काय दिसणार? आभाळ.’

‘नीट बघ गं.’

‘थांब की. व्हय, एक मोठी चांदणी हाय. रेल्वेच्या झाडांच्या वर. लई चमकतीया. का गं?’

मी तिला नंतर सांगते म्हणून फोन ठेवला आणि धाकटीला म्हटलं, तुझ्या आईला लाव. निपाणीत तिच्या आईनं गच्चीवर जाऊन बघितलं. तिला तो दिवा तंबाखूच्या गोदामावर दिसला, आणि तोसुद्धा सूर्य मावळतो त्याच अंगाला. आमच्या पाण्याच्या टाकीवर असलेली वस्तू लोंढ्यात रेल्वेच्या झाडांवर आणि निपाणीत गोदामावर एकाच वेळी कशी असेल? ती आमच्या टाकीवर नव्हतीच. ती फार लांब होती, इतकी लांब की जिथून बघावं तिथून आपल्याच घरावर वाटावी. चालत्या गाडीतून चंद्र आपल्याबरोबर येतोय असं वाटतं, तसंच हे. मी धावत आत्तींकडे गेले आणि सगळं एका दमात सांगितलं.

आत्तींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग तीन-तीन दिवे आल्यात म्हण की.’

मी हात टेकले. पण त्यांच्यामुळेच मला पुढचं सुचलं. लांबचा, पश्चिमेचा, एवढा तेजस्वी, रोज ठरल्या वेळी येणारा. माझ्या डोक्यात शुक्र आला. ओठांवर येऊनही मी तो आधी झटकला, कारण आमच्या घरात शुक्राची चांदणी म्हणजे पहाटेची चांदणी. आत्ती लहानपणी पहाटे गल्लीत ताण्याच्या सुताला खळ लावायच्या, ज्याला पाजणी म्हणतात, तेव्हा त्यांच्या समोर पूर्वेला शुक्र असायचा. मागवाल्यांच्या घरात शुक्र म्हणजे कामाला उठवणारा तारा. तो संध्याकाळी पश्चिमेला कशाला येईल?

मी भटजींना फोन लावला. ‘काका, सध्या शुक्र कुठं आहे हो?’

‘पश्चिमेला. दिवेलागणीला बाहेर ये, डोळे दिपतील. का, आणखी कुणाचं लग्न काढलंय?’

‘पण तो पहाटेचा असतो ना?’

‘कधी पहाटे, कधी संध्याकाळी. सूर्याच्या ह्या बाजूला असला की पहाटे, त्या बाजूला असला की संध्याकाळी. तुमच्या घरच्या लग्नाला मी त्याच्याचसाठी थांबवलं होतं की. तेव्हा अस्तात होता, मग पश्चिमेला उगवला, आणि आता ऐन भरात आहे. फाल्गुनात पुन्हा सूर्याजवळ जाईल आणि दिसेनासा होईल.’

मी म्हटलं, ‘काका, आमच्या घरी येऊन एवढंच सांगाल का?’

‘मी कशाला? तो रोज येतोय की,’ असं म्हणून भटजी हसले आणि कुठल्या तरी वास्तुशांतीला गेले.

ज्या शुक्राची वाट बघत आम्ही सहा महिने लग्न लांबवलं, तो उगवला म्हणून पोरीला घरात आणलं, आणि आता तोच दिसतोय म्हणून तिला घरातून काढत होतो. मला हसावं की रडावं कळेना. मग भटजींचं शेवटचं वाक्य ध्यानात आलं आणि हसू पळालं. फाल्गुनात तो आपोआप जाणार होता. पोरगी रविवारी निपाणीला गेली असती, पुढं महिन्या-दीड महिन्यात दिवाही गेला असता, आणि सगळी गल्ली म्हणाली असती, बघितलंत? ती गेली, तो गेला. मग तिला परत कोण आणणार होतं? आणलं तरी जन्मभर तिच्या कपाळावर तो दिवा राहिला असता. हवापालट फक्त बोलायला होता. तिचं सासर सुटणार होतं.

आत्तींनी शुक्राचं ऐकून घेतलं. भटजींचा शब्द त्या मोडत नाहीत. मग म्हणाल्या, ‘शुक्र असंल. पण शुक्र नाचत न्हाय. मी जन्मभर बघितलाय. त्यो नाचतोय कशानं, ते सांग.’

ते मला सांगता येत नव्हतं. शुक्रवार उजाडला तरी येत नव्हतं. संध्याकाळी मी आणि धाकटी वाळत घातलेले कपडे काढायला आमच्या गच्चीवर गेलो. तिची बॅग भरून झाली होती. ती कठड्याला हात टेकून निपाणीच्या दिशेला बघत होती आणि एकदम हात झटकून म्हणाली, ‘आक्का, तुम्हाला ह्ये सोसतंय कसं? हाताला सारख्या मुंग्या येत्यात.’

‘कसल्या मुंग्या?’

‘कठडा हलतोय न्हवं? मागामुळं. रात्री पलंगबी हलतोय. आल्यापासनं मला धड झोप न्हाय.’

मी कठड्यावर तळहात ठेवला. मला काही जाणवलं नाही. मग आठवलं, मीही लोंढ्याहून ह्या घरात आले तेव्हा पहिले काही महिने फळीवरची ताटं रात्रंदिवस किणकिणताना ऐकत पडून राहायची. ती किणकिण कधी थांबली? ती थांबलीच नव्हती. माझे कान आणि हात तिला सरावले होते. ह्या गल्लीत जन्मलेल्यांना तर ती कधी जाणवलीच नव्हती. आमच्या पायाखाली रात्रंदिवस माग धडधडतात, भिंती थरथरतात, आणि ती थरथर ओळखणारं माणूस आमच्या घरात एकच होतं. त्यालाच आम्ही रविवारी पाठवून देणार होतो.

‘परात आण,’ मी म्हटलं, ‘पाणी भरून.’

तिनं काही न विचारता आणली. मी ती कठड्यावर ठेवली. पाण्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या, आणि त्या लाटांत शुक्र पडला होता, तुकडे तुकडे होऊन नाचत. मोबाईल नको, काही नको, नुसत्या डोळ्यांना दिसत होता. इतक्यात जेवणाच्या सुट्टीसाठी दिरांनी खाली माग बंद केले. पाणी हळूहळू शांत झालं आणि परातीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उभा राहिला. धाकटीनं माझा दंड धरला. आम्ही दोघी तिथंच खाली बसलो आणि वेड्यासारख्या हसलो.

अमावास्येचं कोडंही तिथंच सुटलं. त्या दिवशी गल्लीतले सगळे माग बंद होते, म्हणून काकूंचा कठडा थांबला होता, म्हणून मोबाईल थांबला होता, म्हणून दिवा थांबला होता. एरवी व्हिडिओत टाकीही तेवढीच थरथरायची, पण सगळ्यांचे डोळे दिव्यावर. भाकरीएवढा तो एवढ्याचसाठी दिसायचा की मोबाईलला अंधारातला बारीक ठिपका नीट धरता येत नाही, तो पसरट करून टाकतो. आणि रंग बदलायचे ते हवेमुळं. हे सगळं मी धाकटीला जिन्यातच सांगून टाकलं, मला धीर नव्हता.

शनिवारी दिवेलागणीला मी परात घेऊन काकूंच्या घरी गेले. मागून धाकटी, तिच्या मागून दीर, आणि सगळ्यात मागे मुरगळल्या पायानं एकेक पायरी चढत आत्ती. गल्लीतली निम्मी माणसं आधीच गच्चीवर जमली होती, दिवा बघायला रोज जमायचीच. खाली काकूंचे माग जोरात चालले होते. काकूंनी नेहमीसारखा मोबाईल कठड्यावर उभा केला, आणि त्याच्या पडद्यावर दिवा नाचायला लागला. मी शेजारी परात ठेवली. परातीतलाही नाचायला लागला. लोक वाकून बघू लागले.

मी म्हटलं, ‘काकू, आता जरा माग बंद करा.’

‘चालता माग?’ काकू भडकल्या. ‘अर्धी साडी हाय मागावर. मधीच बंद केला की साडीवर पट्टा उठतोय, गिऱ्हाईक घेत न्हाय. तुझ्या खेळापायी माझी साडी घालवू व्हय?’

मागवालीच्या तोंडचं ते बोलणं खोटं नव्हतं. तेवढ्यात मागून आत्तींचा आवाज आला. ‘बंद कर. पट्टा उठला तर ती साडी मी घेते.’

आत्तींपुढं त्या गल्लीत कुणी बोलत नाही. काकू खाली ओरडल्या. एकेक करून माग थांबले, आणि त्या गच्चीवर मला वाटतं पहिल्यांदाच एकमेकांचा श्वास ऐकू आला. परातीतलं पाणी स्थिर झालं. त्यात शुक्र उभा राहिला. मोबाईलच्या पडद्यावर तो नाचायचा थांबला.

‘आता चालू करा,’ मी म्हटलं. माग सुरू झाले. पाणी शहारलं, शुक्र नाचला, पडद्यावरचाही नाचला. ‘बंद करा.’ थांबला. ‘चालू करा.’ नाचला. मी हे किती वेळा केलं ते आठवत नाही. एकदाच पुरेसं होतं, पण मला थांबवत नव्हतं. आयुष्यात मी इतकी मजा फार कमी वेळा केलीय. मग मी मोबाईलखाली काकूंचीच जाड वाकळ घडी करून घातली, आणि माग चालू असतानाही पडद्यावरचा दिवा बऱ्यापैकी ताळ्यावर आला.

काकूंनी कठड्याला हात लावून बघितला, काढला, पुन्हा लावला. ‘म्हंजे,’ त्या म्हणाल्या, ‘नाचत हुतं ते आमच्यातच व्हय?’

सगळी गच्ची हसली. हसता हसता कुणीतरी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं गं? मी धाकटीला हाताला धरून पुढं ओढलं. ‘हिनं. ती एकटीच आहे जिला तुमच्या भिंती हलताना कळतात.’ पोरगी लाजून माझ्या मागे लपायला बघत होती. मी लपू दिलं नाही.

आत्ती परातीजवळ उभ्या होत्या. त्या पाण्यात बराच वेळ बघत राहिल्या, मग वर आभाळात बघितलं, आणि तिथंच सगळ्यांसमोर दिरांना म्हणाल्या, ‘निपाणीला लाव.’ फोन लागला. आत्ती फोनवर नेहमीच ओरडून बोलतात. ‘ईनबाई, उद्या पोराला पाठवू नका. तब्येत तिची न्हवती बिघडली, आमची डोकी बिघडल्ती. पोरगी हितंच ऱ्हाणार.’ मग दोन पावलं धाकटीजवळ जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ह्या बाईला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं.

त्यानंतर शुक्र आणखी महिनाभर होता. रोज थोडा थोडा खाली उतरत गेला. होळी झाली, आणि रंगपंचमीच्या सुमारास एका संध्याकाळी आमची टाकी नुसतीच उभी होती, तिच्या वर काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू दारात आल्या. धाकटी उंबऱ्याच्या आत बसून कांड्या भरायला शिकत होती, दोरा तोडत होती आणि स्वतःवरच हसत होती.

‘तुमचा दिवा गेला की वो,’ काकू आत्तींना म्हणाल्या.

आत्तींनी हातातलं काम सोडलं नाही. ‘त्यो गेला,’ त्या म्हणाल्या. ‘ही हाय.’